कडू, कडसर, कडवट

पहिल्या बैठकीच्या दिवशी माझ्या वहीत चार ओळी होत्या आणि चारही ओळींत एकच शब्द होता: कडू. समोर चार लहान ग्लास होते, त्यांत चार निरनिराळ्या शैलींच्या बिअर होत्या, आणि त्या परस्परांपासून किती वेगळ्या आहेत हे मला जाणवतही होते; परंतु ते वेगळेपण लिहायला मी लेखणी उचलली की हाती तोच एक शब्द येत असे. आम्ही सहा जण होतो. आमच्यापैकी कोणाचाही या पेयाशी व्यवसायाने संबंध नव्हता, आणि इतक्या वर्षांत आपण जे पीत आलो ते नेमके काय आहे हे एकदा नीट समजून घ्यावे, एवढ्याच इच्छेने महिन्यातून एका संध्याकाळी एकत्र बसायचे आम्ही ठरवले होते. वह्या एकमेकांना दाखवल्या तेव्हा लक्षात आले की सगळ्यांच्याच पानांवर जवळपास तेच लिहिलेले होते.

त्या संध्याकाळी आमच्यातल्या एका मैत्रिणीने जे सुचवले, त्याने पुढच्या सगळ्या बैठकींना दिशा मिळाली. ती म्हणाली, “नुसते कडू म्हणू नका. कडसर आहे, कडवट आहे, की कडूजहर आहे, ते सांगा.” आम्ही पुन्हा पहिल्या ग्लासकडे वळलो. ती पिल्सनर शैलीची बिअर होती आणि तिचा कडूपणा जिभेवर क्षणभर उमटून स्वच्छपणे निघून जात होता, म्हणून सगळ्यांनी एकमताने तिला कडसर म्हटले. दुसरी इंडिया पेल एल होती; एल म्हणजे तुलनेने उबदार तापमानात आंबवलेली बिअर. तिचा कडूपणा घोट गिळल्यानंतर वाढत जाऊन बराच वेळ घशाशी रेंगाळत राहिला, तो कडवट. तिसऱ्या ग्लासात काळीभोर स्टाऊट होती आणि तिथे तर कडूपणाची जातच निराळी निघाली: त्यात भाजल्याचा, किंचित करपल्याचा भाग होता. मराठीत चवीच्या शब्दांना ‘सर’, ‘वट’, ‘ऊस’ असे प्रत्यय लागून त्यांच्या किती सूक्ष्म छटा तयार होतात, हे मी त्या दिवशी प्रथमच लक्ष देऊन पाहिले. आंबट, आंबूस, आंबटसर, आंबटढोण; गोड, गोडसर, गोडमिट्ट; तुरट, तुरटसर. वासांच्या बाबतीत तर भाषा आणखी उदार आहे: खमंग, खरपूस, करपट, कुबट, खवट, उग्र, मातकट, ओशट. हे शब्द आम्ही लहानपणापासून वापरत आलो होतो, पण ग्लास हातात धरून त्यांतला नेमका एक निवडण्याची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती.

शब्द वेगळे झाले की कारणेही शोधावीशी वाटतात. बिअरचा कडूपणा मुख्यतः हॉप्समधून येतो. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी, शंकूच्या आकाराची फुले. त्यांच्या पाकळ्यांच्या तळाशी पिवळी, चिकट, राळेसारखी पूड असते आणि तिच्यातील आम्ले धान्याच्या गोड अर्कात उकळली की त्यांची रचना बदलून ती कडू होतात. उकळण्याच्या सुरुवातीला घातलेले हॉप्स कडूपणा देतात आणि त्यांचा सुगंध वाफेबरोबर निघून जातो. शेवटी किंवा थंड झाल्यावर घातलेले हॉप्स कडूपणा फारसा देत नाहीत, पण सुगंध राखून ठेवतात. स्टाऊटमधला करपट कडूपणा मात्र जवळजवळ काळे होईपर्यंत भाजलेल्या बार्लीतून येतो, म्हणूनच तो कॉफीच्या कडूपणाच्या जवळ जातो. हे कळल्यानंतर पुन्हा घोट घेतला तेव्हा दोन कडूपणांच्या मधली भिंत मला अगदी स्पष्ट जाणवली. ती आधीपासूनच तिथे होती, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला.

दुसऱ्या बैठकीत एका मित्राने अमेरिकन पेल एल हुंगून “संत्र्याची साल” असे म्हटले आणि उरलेल्या पाचही जणांना त्याच क्षणी संत्र्याची साल जाणवली. तो अनुभव विलक्षण होता. आधी जे केवळ ‘काहीतरी ताजे’ एवढेच होते, त्याला एका शब्दाने आकार मिळाला. आणि तो शब्द खरा होता, कारण 1972 मध्ये अमेरिकेत लागवडीसाठी आलेल्या कॅस्केड नावाच्या हॉप्सची ओळखच लिंबूवर्गीय फळांच्या सालीसारख्या सुगंधाची आहे, आणि 1980 मध्ये सिएरा नेवाडा या बिअर उत्पादकाने त्याच हॉप्सवर आपली पेल एल उभी केल्यापासून तो सुगंध जगभर पसरला. पण त्यानंतरच्या एका बैठकीत कोणीतरी एका फिकट बिअरला “मध” म्हटले, आम्ही सगळ्यांनी मान डोलावून वहीत मध लिहिला, आणि पुढच्या महिन्यात तीच बिअर नाव न सांगता ओतली तेव्हा सहापैकी एकाच्याही वहीत मध नव्हता. मला त्या प्रसंगाने अस्वस्थ केले. जो शब्द डोळे उघडतो तोच शब्द डोळ्यांवर पट्टीही बांधू शकतो, आणि सोबतीने चव घेण्यातला सगळा लाभ आणि सगळा धोका याच एका ठिकाणी आहे.

तेव्हापासून आम्ही एक नियम पाळत आलो आहोत. ग्लास हाती आल्यावर पहिली पाच मिनिटे कोणीही बोलायचे नाही, चेहऱ्यावरही काही दाखवायचे नाही, आणि प्रत्येकाने आपल्या वहीत किमान तीन शब्द लिहायचे. त्यानंतर जो सर्वांत कमी बोलतो त्याने आधी वाचायचे. ठाम आवाजाच्या माणसाने आधी वाचले की बाकीचे आपले शब्द मनातल्या मनात खोडू लागतात, हे आम्ही अनुभवाने शिकलो होतो. हा नियम दिसायला लहान आहे, परंतु आमच्या गटात जे काही शिकणे झाले ते बहुतांशी त्या पाच मिनिटांच्या शांततेमुळे झाले असे मला मनापासून वाटते. शांततेत प्रत्येकाला स्वतःच्या जिभेवर विसंबावे लागते, आणि नंतरच्या बोलण्यात इतरांच्या जिभा उधार मिळतात. हा क्रम उलटा झाला तर दोन्ही हातचे जाते.

जिभेविषयी बोलताना एक गोष्ट सांगायला हवी. शाळेच्या पुस्तकात जिभेचा नकाशा असायचा: टोकाला गोड, बाजूंना आंबट आणि खारट, मागे कडू. तो नकाशा चुकीचा आहे. 1901 मध्ये डेव्हिड हेनिग या जर्मन संशोधकाने जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेतील अगदी थोडे फरक मोजले होते. 1942 मध्ये एडविन बोरिंग यांच्या पुस्तकात त्या निष्कर्षांची अशी मांडणी झाली की ते किरकोळ फरक ठळक सीमांसारखे दिसू लागले. प्रत्यक्षात जिभेवर जिथे जिथे रुचिकलिका आहेत तिथे सगळ्या मूळ चवी कळतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की ज्याला आपण चव म्हणतो तिचा फार मोठा भाग वास असतो, आणि तो केवळ ग्लास नाकाशी धरल्यावर येणारा वास नसून घोट गिळताना तोंडाच्या मागच्या बाजूने नाकात चढणारा वास असतो. आम्ही एकदा नाक चिमटीत धरून घोट घेतला. कडू, किंचित गोड, जिभेला टोचणारे बुडबुडे, एवढेच उरले. मग चिमूट सोडून श्वास बाहेर टाकला आणि धान्य, फूल, साल, सगळे एका झटक्यात परत आले. वही आणि नियम बाजूला ठेवून कोणाला फक्त एकच गोष्ट करून पाहायची असेल, तर मी हीच सुचवीन.

वास महत्त्वाचा असल्यामुळे तापमानही महत्त्वाचे ठरते. बर्फासारखी गार बिअर तहान भागवते, परंतु तिच्यातून सुगंध वर येत नाही आणि जीभही बधिर होते. स्टाऊट किंवा तीव्र एल दहा-बारा अंश सेल्सिअसच्या आसपास आली की तिच्यात आधी नसलेली पाने उलगडल्यासारखी वाटतात. म्हणून आम्ही एकच ग्लास तीन वेळा चाखतो: ओतल्याबरोबर, दहा मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने. फेसाचेही तसेच आहे. फेस ही सजावट आहे असे मी समजत असे. तो माल्टमधील, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातील, प्रथिने आणि हॉप्समधील कडू द्रव्ये यांच्या साहाय्याने टिकतो, सुगंध वर आणून देतो आणि ग्लासवर तेलाचा पुसटसा अंश राहिला असेल तरी लगेच बसतो. ग्लास नीट धुतला आहे की नाही हे फेस सांगतो, आणि ते इतके खात्रीने सांगतो की आता ग्लास धुण्याचे काम आमच्याकडे सर्वांत जबाबदारीचे समजले जाते.

मला सर्वांत अधिक शिकवले ते बिघडलेल्या बिअरने. एका मित्राने एकाच बिअरच्या दोन बाटल्या आणल्या, दोन्ही हिरव्या काचेच्या. एक त्याने दिवसभर उन्हात खिडकीत ठेवली होती आणि दुसरी कपाटात, अंधारात. कोणती कुठली हे न सांगता त्याने दोन्ही ओतल्या. एका ग्लासमधून धान्याचा आणि गवताचा स्वच्छ वास येत होता. दुसऱ्यातून असा उग्र, प्राण्याच्या अंगासारखा दर्प उठला की ग्लास आपोआप दूर गेला. प्रकाशातील निळे आणि अतिनील किरण हॉप्समधील कडू द्रव्यांचे विघटन करतात आणि त्यांच्या तुकड्यांचा गंधकयुक्त पदार्थांशी संयोग होऊन हे संयुग बनते. माणसाच्या नाकाला ते लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतके कमी असले तरी कळते. तपकिरी काच हे किरण पुष्कळ प्रमाणात अडवते, हिरवी काच फारसे अडवत नाही. हा वास मी त्याआधी अनेकदा घेतला होता. तो त्या विशिष्ट बिअरचा स्वभाव आहे असे मानून मी तो स्वीकारलाही होता. दोष आणि स्वभाव यांत गल्लत करून मी कित्येक बिअरबद्दल चुकीचे मत बनवले होते, याचे मला खरोखर वाईट वाटले.

त्यानंतर आम्ही दोषांचा शब्दकोश जमवायला लागलो. जुनी झालेली, ऑक्सिजन लागलेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी, शिळकट लागते. आंबवणे पुरते होण्याआधी काढलेल्या बिअरमध्ये कच्च्या हिरव्या सफरचंदाची झाक राहू शकते. उकडलेल्या मक्यासारखा वास आला तर तो बहुधा माल्टमधल्या गंधकयुक्त संयुगाचा असतो, जे अर्क जोमाने उकळला की उडून जायला हवे होते. 1970 च्या दशकात मॉर्टन मिलगार्ड या डॅनिश वंशाच्या रसायनशास्त्रज्ञाने अशा सगळ्या संज्ञांचे एक चक्र आखले आणि निरनिराळ्या देशांतील बिअर तज्ज्ञांना एकमेकांशी एकाच अर्थाने बोलता येऊ लागले. आमचा कोश त्या मानाने फारच लहान आहे, पण तो मराठीत आहे आणि त्यातला प्रत्येक शब्द आम्ही सहा जणांनी मिळून, एकाच ग्लासावर, एकाच वेळी निश्चित केलेला आहे. ‘खवट’ आणि ‘ओशट’ यांच्यातला फरक ठरवायला आम्हाला पूर्ण एक संध्याकाळ लागली होती.

रंगाने मात्र आमची दीर्घकाळ दिशाभूल केली. गडद म्हणजे जड आणि तीव्र, फिकट म्हणजे हलकी, असे आम्ही सगळेच गृहीत धरत होतो. एकदा आम्ही डोळ्यांवर रुमाल बांधून दोन ग्लास चाखले आणि त्यांपैकी अधिक तीव्र कोणता हे लिहिले. डोळे उघडल्यावर तो ग्लास सोनेरी निघाला. ती डुवेल ही बेल्जियन बिअर होती, जिच्यात 8.5 टक्के मद्यार्क असतो. शेजारची काळी गिनेस ड्राफ्ट 4.2 टक्क्यांची होती. थोडीशी भाजलेली बार्ली सगळ्या ग्लासला काळे करू शकते आणि त्याचा मद्यार्काशी काही संबंध नसतो. त्या दिवसापासून मी रंगाचे वर्णन वहीत सर्वांत शेवटी लिहितो.

गव्हाच्या बिअरची बैठक आमच्यासाठी वेगळ्याच कारणाने संस्मरणीय ठरली. पाच मिनिटांच्या शांततेनंतर सहाही वह्यांत केळे होते आणि चार वह्यांत लवंग होती. एकाने तर त्यात केळे घातले असणार असे ठामपणे म्हटले. त्यात केळेही नव्हते आणि लवंगही नव्हती. हे दोन्ही गंध यीस्टने, म्हणजे बिअर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाने, आंबवताना स्वतः तयार केलेले होते. बव्हेरियात 1516 साली जो प्रसिद्ध शुद्धता कायदा झाला, त्यात बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढ्यांचाच उल्लेख आहे आणि यीस्टचे नाव नाही. ज्याच्याविना बिअर होतच नाही, त्या घटकाची सजीव म्हणून ओळख पटायला पुढे तीन शतकांहून अधिक काळ जावा लागला. 1883 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल क्रिश्चन हान्सेन यांनी एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले, आणि ते तंत्र इतर बिअर उत्पादकांसाठीही खुले ठेवण्यात आले. मला या घटनेविषयी अतिशय आदर वाटतो. आज कुठेही उघडलेली लागर, म्हणजे थंडीत संथपणे आंबवलेली बिअर, पहिल्या घोटापासून शेवटच्या घोटापर्यंत एकसारखी लागते, त्यामागे त्या एका पेशीचा इतिहास आहे.

आणि नेमकी याच्या उलट दिशेने जाणारी बिअर आमच्या गटात सर्वांत अधिक मतभेदाची ठरली. ब्रसेल्स आणि तिच्या परिसरात लॅम्बिक नावाची बिअर बनते. थंडीच्या महिन्यांत गरम अर्क उघड्या, उथळ हौदात रात्रभर निवत ठेवतात, हवेतले आणि लाकडातले सूक्ष्मजीव त्यात आपोआप येतात, आणि मग तो लाकडी पिंपांत एक, दोन, कधी तीन वर्षेही राहतो. तिच्यात ब्रेटानोमायसिस हे यीस्ट असते, ज्याला 1904 मध्ये कार्ल्सबर्गच्याच हेल्टे क्लाउसन यांनी हे नाव दिले, कारण त्यांना ते इंग्लंडच्या बिअरमध्ये आढळले होते. तिचा पहिला घोट घेतला आणि आमच्यातल्या एका मित्राने ग्लास खाली ठेवला. त्याने वहीत लिहिले: “आंबटढोण. तबेल्याचा वास. मला आवडली नाही.” पण त्याखाली त्याने आणखी चार ओळी लिहिल्या होत्या, ज्यांत लिंबाच्या सालीचा, ओल्या लाकडाचा, शेवटी उरणाऱ्या कोरडेपणाचा उल्लेख होता. न आवडलेल्या गोष्टीकडे इतके सविस्तर लक्ष देणारे पान मी प्रथमच पाहत होतो. आवड आणि ओळख या दोन वेगळ्या नोंदी आहेत, हे त्या पानाने मला दाखवले, आणि आमच्या वह्यांत तेव्हापासून आवडीचा रकाना स्वतंत्र आहे. गुण देण्याची पद्धत मात्र आम्ही बंद केली. दहापैकी सात लिहिले की मन समाधान पावते आणि शोध थांबतो.

माझ्या स्वतःच्या आवडीविषयी सांगायचे तर मी वळणे घेत पुन्हा पिल्सनरपाशी येऊन पोहोचलो आहे. 1842 मध्ये बोहेमियातील पिल्सेन या शहरात योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिराने पहिली पिल्सनर तयार केली. तिथले पाणी अतिशय मृदू, हॉप्स साट्स जातीचे, माल्ट फिकट भाजलेला, आणि यीस्ट थंडीत संथपणे काम करणारे. या चौघांच्या भेटीतून ती सोनेरी बिअर झाली आणि तिच्या अनुकरणांनी जग भरून गेले. पहिल्या बैठकीत मी जिला सर्वांत सामान्य समजलो होतो ती हीच. आता मला ती चाखायला सर्वांत अवघड वाटते, कारण तिच्यात लपायला जागा नाही. भाजलेल्या धान्याचा दाट रंग नाही, फळांचा घमघमाट नाही. माल्टचा खमंगपणा आणि हॉप्सचा वनस्पतीसारखा, किंचित तिखट सुगंध यांचा तोल एवढेच आहे, आणि तो तोल जरा ढळला तर लगेच कळते. इतरांना उग्र, फळाळ, दाट बिअर आवडत असतील तर त्यांच्या आनंदाला माझी काहीच हरकत नाही. परंतु वाढीव हॉप्सच्या भाराखाली इतर सगळे शब्द दबून जातात असा माझा अनुभव आहे, आणि मी तो गटात निःसंकोचपणे मांडतो.

अशा लहान गटांना या पेयाच्या इतिहासात स्थान आहे, हे मला नंतर वाचनातून कळले. 1971 मध्ये चार इंग्रज मित्र सुट्टीसाठी आयर्लंडमध्ये असताना त्यांनी पिंपात जिवंत आंबत राहणाऱ्या पारंपरिक एलच्या रक्षणासाठी एक चळवळ सुरू केली, आणि ती पुढे कॅमरा या नावाने ओळखली गेली. अमेरिकेत 1978 मध्ये घरच्या वापरासाठी बिअर बनवण्यावरील संघराज्याचे निर्बंध सैल करणारा कायदा झाला, आणि पुढे ज्यांनी लहान कारखाने काढले त्यांतील कितीतरी जणांनी आपल्या घरात, मित्रांना चाखायला देत देत हात बसवला होता. आमच्या गटाला असले काहीही करायचे नाही. आम्ही ग्लासमागे शंभर मिलिलिटर ओततो, एका संध्याकाळी चारपेक्षा अधिक बिअर घेत नाही, सौम्यापासून तीव्राकडे जातो आणि मधे भरपूर पाणी पितो, कारण चौथ्या ग्लासनंतर जीभ थकते आणि वहीतले शब्द सैल होऊ लागतात.

या सगळ्यात एक प्रश्न मात्र अजून माझ्या मनात जागा आहे. बिअरमध्ये डायअॅसिटिल नावाचा एक पदार्थ राहिला तर लोण्यासारखा वास येतो. यीस्टला पुरेसा वेळ दिला तर ते तो पदार्थ परत शोषून घेते. घाई केली तर तो उरतो. कोणाला तो अगदी थोडा असला तरी लगेच जाणवतो, कोणाला बराच असला तरी जाणवत नाही. आमच्यातला जो मित्र सर्वांत काटेकोरपणे नोंदी ठेवतो, नेमक्या त्याच्याच नाकाला हा वास येत नाही. त्याने अनेक महिने प्रयत्न केला. आम्ही मुद्दाम दोषी बिअर आणली, ती कोमट केली, ग्लास झाकून ठेवून मग त्याच्यापुढे उघडला. त्याला लोणी जाणवले नाही. ज्या मैत्रिणीने पहिल्या दिवशी कडसर आणि कडवट यांतला फरक मागितला होता, तिला मात्र हा वास ग्लास उचलण्याआधी कळतो. आता प्रत्येक बैठकीत पाच मिनिटांची शांतता संपली की तो आपली वही उघडी ठेवून तिच्याकडे वळतो आणि विचारतो, “आहे का?” ती आणखी एकदा हुंगून पाहते, विचार करते आणि हो किंवा नाही म्हणते, आणि तो आपल्या नोंदीच्या शेवटच्या ओळीत तिच्या नावाच्या आद्याक्षरासह ते उत्तर लिहून ठेवतो.